घरचा ऑर्गन : शोध, रक्षण आणि घडण

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका हातीं घेतली म्हणजे देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी केव्हां उभी राहिली, ह्या गोष्टींचें वर्णन प्रथम दृष्टीस पडतें. आणि तें योग्यच आहे. परंतु देवळांत दर रविवारीं जें वाद्य वाजतें, तें वाजविणाऱ्या माणसानें आपली विद्या कोठें व कशी मिळविली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मिस्सेच्या वेळीं त्याचा हात चुकला तर सर्वांच्या लक्षांत येतें. तो चुकूं नये म्हणून त्यानें आठवडाभर काय केलें, हें कोणाच्याच लक्षांत येत नाहीं. त्या न दिसणाऱ्या आठवड्याचा थोडासा इतिहास ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचा विषय नळ्यांचा ऑर्गन, ज्यास पाइप ऑर्गन म्हणतात, तो आहे. आणि त्यांतही जो देवळांत नसून वादकाच्या घरांत, केवळ अभ्यासासाठीं, उभा असतो तो. देवळाच्या मापाचें वाद्य राहत्या घरांत आणण्याची कल्पना प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु युरोपांत पुष्कळांनीं ती खरी करून दाखविली. कित्येकांनीं मोडींत निघालेलीं वाद्यें सोडवून आणलीं, तर कांहींनीं स्वतःच्या हातांनीं नवीं घडविलीं. त्यांची हकीकत मनोरंजक आहे, आणि आमच्या मतें आपणां सर्वांस विचार करावयास लावणारीही आहे.

आरंभीं एक घोटाळा दूर केला पाहिजे. महाराष्ट्रांत 'ऑर्गन' म्हटलें कीं संगीत नाटकांत साथीला वाजणारें, पायांनीं भाता चालवावयाचें वाद्य डोळ्यांपुढें येतें. तें वाद्य काय किंवा आपली पायपेटी व हातपेटी काय, हीं सारीं पत्तीचीं वाद्यें होत. त्यांत पितळेची पातळ पत्ती वाऱ्यानें कांपते व स्वर निघतो. अशा वाद्याचें हार्मोनियम ह्या नांवानें पेटंट अलेक्झांद्र दबँ ह्यानें १८४२ सालीं पॅरिस येथें घेतलें, आणि १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनीं त्यास हातभात्याचें रूप देऊन तें आपल्या बैठकीच्या सोयीचें केलें. नळ्यांचा ऑर्गन ह्याहून निराळा व फार जुना. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरांतील क्तेसिबियस नांवाच्या यंत्रज्ञानें तो प्रथम रचिला. इ. स. ७५७ मध्यें कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहानें फ्रँक लोकांचा राजा पेपिन ह्यास एक ऑर्गन नजर केला, आणि पुढील शतकांत हें वाद्य पश्चिमेकडील देवळांत हळूहळू स्थिरावलें. १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यांतही ह्या वाद्याचा गौरवपूर्वक उल्लेख आहे.

ह्या वाद्याची रचना सांगावयास सोपी, पण करावयास अवघड. भात्यांत वारा भरतो. भात्यावर ठेविलेल्या वजनामुळें तो सारख्या दाबानें वायुकोशांत जातो. वायुकोशावर नळ्यांच्या रांगा उभ्या असतात. पट्टी दाबली कीं तिची झडप उघडते, आणि ज्या रांगेचा स्टॉप ओढलेला असेल, त्या रांगेंतील त्या स्वराची नळी बोलूं लागते. एका नळीला एकच स्वर. म्हणून छप्पन पट्ट्यांसाठीं एका रांगेंत छप्पन नळ्या लागतात. सर्वांत खालच्या पट्टीची उघडी नळी सुमारें आठ फूट लांब असते, आणि पायांच्या खर्जासाठीं तर सोळा फूट. वादकाच्या हातांखालीं पट्ट्यांच्या दोन किंवा अधिक ओळी असतात, आणि पायांखालीं तीस-बत्तीस पायपट्ट्या.

अभ्यासाची खरी अडचण ह्या पायपट्ट्यांत आहे. हातांचा अभ्यास कोणत्याही पियानोवर करतां येतो; पायांचा येत नाहीं. देवळांत जाऊन तो करावा, तर वीज येण्यापूर्वीं भाता मारावयास निराळें माणूस लागे व त्यास मजुरी द्यावी लागे. उत्तर युरोपांतील देवळें हिंवाळ्यांत इतकीं गार कीं बोटें आंखडून जात. शिवाय एकच अवघड जागा चाळीस वेळां घोटावयाची, तर देवळांत प्रार्थनेस बसलेल्या माणसांचा विचार करावा लागतो. म्हणून अठराव्या शतकांतील जर्मन वादक घरीं क्लाविकॉर्ड नांवाच्या मंद आवाजाच्या तंतुवाद्याला पायपट्ट्या जोडून त्यावर हात बसवीत. १७५० सालीं योहान सेबास्टियन बाख निवर्तला, त्या वेळच्या वाटणीच्या कागदांत अशी नोंद आहे कीं, पायपट्टीसह तीन वाद्यें त्यानें हयातींतच आपला धाकटा मुलगा योहान क्रिस्टियान ह्यास दिलीं होतीं. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान ह्याच्या शिक्षणासाठीं बाखनें तीन स्वतंत्र आवाजांचे सहा सोनाटा रचले, असें त्याचा चरित्रकार फोर्केल सांगतो. त्यांत उजवा हात एक गाणें गातो, डावा दुसरें, आणि पाय तिसरें. कोणालाही दुसऱ्याच्या आड लपतां येत नाहीं. ऑर्गन शिकणाऱ्याची कसोटी आजही ह्याच रचनांवर लागते. त्या एका बापानें आपल्या मुलासाठीं केलेला घरचा अभ्यास होय, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ऑर्गन घरांत शिरण्याचा दुसरा मार्ग संकटांतून निघाला. १६४४ च्या मे महिन्यांत इंग्लंडच्या पार्लमेंटनें देवळांतील मूर्ति व चित्रें ह्यांच्याबरोबर ऑर्गनही काढून टाकण्याचा हुकूम सोडला. पुष्कळ वाद्यें फुटलीं, आणि त्यांच्या नळ्यांचें शिसें व कथील विकलें गेलें. परंतु त्याच पक्षाचा पुढारी ऑलिव्हर क्रॉमवेल ह्यानें ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजांतील ऑर्गन हँप्टन कोर्ट येथील आपल्या वाड्यांत नेवविला! देवळांत जें नको, तें घरांत मात्र हवेंसें वाटलें. १६६० मध्यें राजसत्ता परत आल्यावर तो कॉलेजास परत मिळाला, व १७३७ सालीं ट्यूक्सबरीच्या मठमंदिरांत गेला. राहत्या घराचा आसरा मिळाला म्हणूनच तो त्या धामधुमींतून वांचला. स्वित्झर्लंडांतील टोगेनबुर्ग खोऱ्याची गोष्टही अशीच आहे. झ्विंग्लीच्या सुधारणेनें तेथील देवळांतून ऑर्गन बाहेर काढला होता. तेव्हां अठराव्या शतकांत तेथील शेतकऱ्यांनीं आपल्या लांकडी घरांच्या वरच्या मजल्यावर लहान लहान ऑर्गन बसविले. लूझर नांवाच्या कारागीर घराण्यानें असे अनेक ऑर्गन घडविले, आणि त्यांच्या साथीवर घरचीं माणसें स्तोत्रें गात.

फ्रान्समध्यें घरच्या ऑर्गनाला निराळें महत्त्व आलें. १८९९ सालीं अलेक्झांद्र गिलमाँ ह्या थोर वादकानें पॅरिसजवळ म्यूदों येथील आपल्या घरीं काव्हाये-कोल कारखान्याचा ऑर्गन बसविला. १९११ मध्यें गिलमाँ वारले. पुढें त्यांचे शिष्य मार्सेल द्युप्रे ह्यांनीं म्यूदोंमध्येंच घर घेतलें, त्यास एक मोठा दिवाणखाना जोडला, आणि गुरूचें वाद्य विकत घेऊन तेथें उभें केलें. हें १९२५-२६ सालीं झालें. द्युप्रे ह्यांच्या वडिलांनींही रूआँ येथें मुलाच्या लहानपणींच घरीं ऑर्गन बसविला होता. ह्याच द्युप्रे ह्यांनीं १९२० सालीं बाखच्या ऑर्गनवरील सर्व रचना दहा बैठकींत, समोर कागद न ठेवतां, वाजवून दाखविल्या. लोकांनीं दहा बैठकी ऐकल्या. त्यांच्यामागचीं घरांतील वर्षें कोणीं ऐकलीं नाहींत.

पण म्यूदोंचे हे दोघे जगप्रसिद्ध पुरुष होते. आम्हांस अधिक जवळची वाटते ती एका साध्या धर्मग्रामाच्या वादकाची गोष्ट. आणि ती थोडी सविस्तर सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

पॅरिसच्या पश्चिमेस सँ-जेर्मँ-आँ-ले नांवाचें गांव आहे. तेथें १८८० सालीं आल्बेर आलँ ह्यांचा जन्म झाला. ते गिलमाँ व व्हिएर्न ह्यांचे शिष्य. १९२४ पासून १९७१ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षें, ते आपल्या गांवच्याच कॅथोलिक देवळांत ऑर्गन वाजवीत होते. १९१० सालीं त्यांनीं घरच्या दिवाणखान्यांत स्वतःच्या हातांनीं एक ऑर्गन बांधावयास घेतला. आज एक रांग, कांहीं वर्षांनीं दुसरी. आज एक ओळ, पुढें आणखी एक. असें तें काम साठ वर्षें चाललें. अखेर त्या वाद्याला हातांच्या पट्ट्यांच्या चार ओळी व ४३ स्टॉप झाले. कित्येक देवळांतही एवढा ऑर्गन नसतो. वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. घर तेंच, चूल तीच, मुलांचा गोंधळ तोच. आणि भिंतीपाशीं हें वाद्य वाढत्या झाडासारखें दरवर्षीं थोडें थोडें वाढत आहे.

त्या घरांत चार मुलें वाढलीं. थोरला जेहान १९११ सालीं जन्मला, म्हणजे तो व तें वाद्य जवळ जवळ एका वयाचे. त्याच्या पाठीवर मरी-ओदील, मग ओलिव्हिये, आणि सर्वांत धाकटी मरी-क्लेर, जिचा जन्म १९२६ चा. जेहान पुढें पॅरिसच्या संगीत महाविद्यालयांत गेला, द्युप्रे ह्यांच्या वर्गांत शिकला, आणि मेझों-लाफीत येथील संत निकोलसच्या देवळांत वादक झाला. त्याची प्रतिभा विलक्षण होती. थोड्याच वर्षांत त्यानें शंभराहून अधिक रचना केल्या. पण दैवाच्या मनांत निराळेंच होतें. १९३७ सालीं बहीण मरी-ओदील डोंगरावरील अपघातांत मरण पावली. त्याच सालीं जेहाननें 'लितानी' ही रचना पुरी केली, जी आज जगभर वाजते. तीन वर्षांनीं, १९४० च्या जूनमध्यें, फ्रान्स पडत असतां तो मोटारसायकलवरून निरोप पोहोंचविणारा शिपाई होता. २० जून रोजीं सोम्यूरजवळ शत्रूशीं झालेल्या झटापटींत तो मारला गेला. वय अवघें २९. मागें पत्नी व तीन लहान मुलें.

ज्या पित्यानें मुलाच्या जन्माआधींच त्याच्यासाठीं जणूं वाद्य बांधावयास घेतलें होतें, त्याच्या घरांत त्यानंतर तें वाद्य कसें वाजलें असेल, ह्याचें वर्णन करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, तें मुकें झालें नाहीं. आल्बेर आलँ ह्यांनीं देवळांतील सेवा सोडली नाहीं, आणि घरच्या ऑर्गनचें कामही सोडलें नाहीं. अकरा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या जागीं देवळांत वाजवूं लागलेली मरी-क्लेर पुढें जगांतील अग्रगण्य ऑर्गन-वादकांत गणली गेली. तिनें बाखच्या ऑर्गनवरील समग्र रचना तीन वेळां ध्वनिमुद्रित केल्या, आणि गेलेल्या भावाच्या रचना शोधून, तपासून, वाजवून लोकांपुढें आणल्या. २०१३ सालीं ती निवर्तली.

१९७१ मध्यें वडील वारल्यावर प्रश्न उत्पन्न झाला, कीं आतां ह्या वाद्याचें काय करावयाचें? देवळाच्या वाद्याला देऊळ असतें. घरच्या वाद्याला घर गेल्यावर कोणी नसतें. हजारों नळ्यांचा तो संसार रद्दींत जाणें अगदीं सोपें होतें. परंतु जाणत्यांनीं एक गोष्ट ओळखली होती. जेहानच्या कित्येक रचना ह्याच दिवाणखान्यांत, ह्याच वाद्याचे चमत्कारिक स्वरमेळ कानांत ठेवून जन्मल्या होत्या. कागदावर लिहिलेल्या स्टॉपांच्या नांवांचा खरा अर्थ ह्याच नळ्यांना ठाऊक होता. वाद्य गेलें असतें तर रचना उरल्या असत्या, पण त्यांची मातृभाषा गेली असती. म्हणून तें सोडवून स्वित्झर्लंडांतील रोमाँमोतिए ह्या प्राचीन मठाच्या गांवीं नेण्यांत आलें, नीट दुरुस्त झालें, आणि १९९१ सालीं तेथील एका जुन्या कोठारांत पुनः उभें राहिलें. जेथें एके काळीं धान्याचा दशमांश सांठवीत, तेथें आज एका बापाच्या साठ वर्षांच्या श्रमाची सांठवण आहे.

आतां असा जिज्ञासु प्रश्न कोणी करील, कीं सामान्य माणसास हें साधेल काय? इंग्लंड, हॉलंड इत्यादि देशांत आज पुष्कळ देवळें बंद पडत आहेत, व त्यांतील ऑर्गनांना कोणी वाली उरलेला नाहीं. कित्येकदां उतरविण्याचा व वाहून नेण्याचा खर्च सोसेल त्यास वाद्य फुकटही मिळतें. पण फुकट मिळालेलें वाद्य स्वस्त पडतें असें नव्हे. तें उतरवितांना प्रत्येक नळीवर रांगेचा व स्वराचा क्रमांक घालावा लागतो. धातूच्या नळ्या मऊ असतात. एकीवर एक रचल्या तर खालची चेंबते, म्हणून त्या कागदांत गुंडाळून खोक्यांत निजवाव्या लागतात. नळीच्या ओठाला हात लावूं नये, कारण तेथें केसभर फरक पडला तरी आवाज बदलतो. मग भात्यांचें जुनें कातडें काढून नवें डकवावयाचें, वायुकोशांतील भेगा बुजवावयाच्या, उंदरांनीं खाल्लेले व वाळवीनें पोखरलेले भाग बदलावयाचे. हौशी माणसाचीं त्यांत अनेक वर्षें जातात; आणि कित्येक वाद्यें अर्ध्या वाटेवर खोक्यांतच राहून जातात, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

राहत्या घरांत उंचीचा प्रश्न येतो. त्यावर जुन्या कारागिरांनीं एक नामी युक्ति काढून ठेविली आहे. लांकडी नळीचें वरचें तोंड बुचानें बंद केलें, तर तोच स्वर निम्म्या लांबींत मिळतो. म्हणजे आठ फुटांच्या स्वराला चार फुटांची, आणि पायांच्या सोळा फुटांच्या खर्जाला आठ फुटांची नळी पुरते, व ती सामान्य खोलींत मावते. हातांच्या दोन ओळींना एक एक रांग व पायांना एक, एवढ्यावर अभ्यासाचा ऑर्गन उभा राहतो. छप्पन, छप्पन व तीस मिळून नळ्या झाल्या १४२. वारा मंद ठेविला तर शेजाऱ्यांची झोंपही मोडत नाहीं. एवढ्या वाद्यावर बाखचे ते सहा सोनाटा पूर्णपणें बसवितां येतात; मोठ्या वाद्याचा गडगडाट नसल्यामुळें चूक झांकली जात नाहीं, हा उलट लाभच. ज्यांस तेवढेंही शक्य नाहीं, ते आज संगणकांत सांठविलेले खऱ्या नळ्यांचे आवाज पट्ट्यांवर व पायपट्ट्यांवर वाजवून अभ्यास करतात, आणि त्यांतही कांहीं कमीपणा नाहीं. अभ्यास झाला पाहिजे, हें मुख्य.

द्रव्य नाहीं, धातु नाहीं, कारखाना नाहीं, अशी तक्रार करणाऱ्यानें फिलिपाइन बेटांतील लास पिन्यास गांवचा इतिहास पाहावा. तेथें दिएगो सेरा नांवाच्या ऑगस्टिनियन धर्मगुरूनें १८१६ सालीं ऑर्गन बांधावयास घेतला, आणि नळ्यांसाठीं धातूऐवजीं गांवचा बांबू निवडला. कीड लागूं नये म्हणून त्यानें तो बांबू आधीं वाळूंत पुरून ठेविला. १८२४ मध्यें पूर्ण झालेल्या त्या वाद्याच्या १,०३१ नळ्यांपैकीं ९०२ बांबूच्या आहेत. भूकंप व वादळें ह्यांनीं तें पुढें निकामी झालें. १९७३ मध्यें तें जर्मनींतील बॉन शहरीं दुरुस्तीस गेलें, आणि १९७५ मध्यें परत येऊन आजही वाजत आहे.

आपल्याकडे नळ्यांचे ऑर्गन थोडे. मुंबईंत कुलाब्याच्या पवित्र नामाच्या महामंदिरांत एक आहे. आपल्या दमट हवेंत व पावसाळ्यांत लांकूड फुगतें, कातडें कुजतें, आणि असें वाद्य सांभाळणें जड जातें. तरीही विद्या आपल्याकडे आली, ती घरोघरच्या अभ्यासानेंच. गोव्याच्या धर्मग्रामशाळांत 'मेस्त' मुलांकडून स्वर वाचून घेत, व्हायोलिन शिकवीत, आणि मुलें घरीं जाऊन पडवींत तेंच घोटीत. त्या पडवींतून निघालेल्या वादकांनीं मुंबईचीं देवळें व वाद्यवृंद कित्येक वर्षें सांभाळले.

आमच्या देवळाच्या माळ्यावर एक जुनी पायपेटी आहे. तिचा भाता फाटलेला, तीन सूर मुके, आणि तिच्यावर महोत्सवाच्या पताकांचीं गाठोडीं ठेविलेलीं. यंदाच्या साफसफाईंत ती भंगारवाल्यास द्यावी असें ठरत आलें होतें. तिला कांहीं ४३ स्टॉप नाहींत, आणि तिच्यासाठीं कोणी परदेशांतून येणार नाहीं. परंतु आमच्या धर्मग्रामांत आज स्वर वाचूं शकणारीं मुलें बोटांवर मोजण्याइतकीं आहेत, आणि त्यांतल्या एकीच्याही घरीं अभ्यासाला वाद्य नाहीं. पायपेटी म्हणजे ऑर्गन नव्हे, तिच्यावर पाय भाता मारतात, गात नाहींत, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. तथापि हातांच्या अभ्यासाला ती पुरते. भात्याला नवें कातडें व तीन पत्त्या, एवढाच तिचा आजार आहे.

म्हणून आम्हीं ती मागून घेतली आहे. दुरुस्त झाल्यावर ती माळ्यावर परत जाणार नाहीं. शिकणाऱ्या मुलांपैकीं एकाच्या घरीं जाईल, वर्षभर राहील, आणि मग दुसऱ्याच्या घरीं. ज्यांच्या घरांत ती येईल, त्यांस चुकलेले सूर पुष्कळ ऐकावे लागतील. त्यांनीं ते सोसावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.